पाण्यात काय आहे, आणि ते पाणी काय करते?

गोसीखुर्दच्या जलाशयाचा विषय निघाला की आमच्या भंडारा जिल्ह्यात दोन प्रश्न जोडीने येतात. पाण्यात काय मिसळले आहे, हा पहिला. त्याने आपल्याला आणि आपल्या लेकरांना काय होईल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रसायनशास्त्र देते. दुसऱ्यासाठी ते पाणी जिवंत पेशींपुढे ठेवावे लागते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हा दुसरा प्रश्न प्रयोगशाळेत कसा विचारतात ते इथे सांगतो.

आधी पाणी येते कुठून ते पाहू. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते, आणि सारे पाणी पवनी तालुक्यात धरणाच्या ३३ दरवाजांमागे थांबते. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेले हे धरण मुख्यतः सिंचनासाठी. पण याच साठ्यावर ढिवर बांधवांची मासेमारी चालते आणि वैनगंगेचे पाणी काठची गावे पितात. वाहत्या नदीतली घाण पुढे जाते; जलाशयात ती मुक्काम करते.

पाणी तपासणीच्या अहवालात बीओडी, जड धातू, कोलिफॉर्म जिवाणू यांचे आकडे असतात. ते हवेतच. परंतु शहरी सांडपाण्यात औषधांचे अंश, रंग, वाहनांचे तेल, काजळी अशी असंख्य रसायने असू शकतात. एकेकाचे नाव शोधून मोजणे अवघड, आणि एकत्र आल्यावर ती काय करतात हे आकड्यांच्या बेरजेतून कळत नाही. त्यातली काही पेशीतल्या डीएनएची अक्षरे बदलतात. या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. शरीराच्या साध्या पेशीत तो झाला तर पुढे कर्करोगाची वाट मोकळी होऊ शकते. बीजपेशीत झाला तर तो पुढच्या पिढीत उतरू शकतो.

हे ओळखण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कले येथे ब्रूस एम्स यांनी बसवली. (नागपुरातल्या एम्स रुग्णालयाशी या नावाचा संबंध नाही.) त्यांनी साल्मोनेला जिवाणूचे असे वाण घेतले, ज्यांच्यात एक बिघाड आधीच आहे: हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल त्यांना स्वतः तयार करता येत नाही. हिस्टिडीन जवळजवळ नसलेल्या थाळीवर ते वाढू शकत नाहीत. मात्र डीएनएत नेमका उलटा बदल होऊन बिघाड दुरुस्त झाला, तर तो जिवाणू वाढतो आणि दोन दिवसांत त्याची ठिपक्याएवढी वसाहत दिसते. असे थोडे ठिपके आपोआपही उमटतात. संशयित रसायन घातलेल्या थाळीवर ते दुपटीहून अधिक झाले आणि मात्रेबरोबर वाढत गेले, तर ते रसायन उत्परिवर्तन घडवते असे मानतात.

इथे एक अडचण येते. काजळीतल्या बेंझोपायरीनसारखी काही रसायने मुळात निरुपद्रवी असतात. आपले यकृत त्यांच्यावर प्रक्रिया करते आणि मग ती घातक होतात. जिवाणूला यकृत नाही. म्हणून एम्स यांनी थाळीत उंदराच्या यकृताचा अर्कही मिसळला. या स्वस्त चाचणीने मोठे काम केले. १९७५ साली तिच्याद्वारे तपासलेल्या केस रंगवण्याच्या १६९ उत्पादनांपैकी १५० उत्परिवर्तक निघाली.

नदीचे पाणी मात्र थेट थाळीवर ओतून भागत नाही. त्यातले जिवाणू गाळून काढावे लागतात. विरळ रसायने राळेच्या मण्यांवर अडकवून, मग थोड्या द्रावकात उतरवून घट्ट करावी लागतात. सांडपाण्यात हिस्टिडीनही असू शकते. तेच खाऊन जिवाणू वाढले तर खोटाच गजर वाजतो.

जिवाणूने क्लीन चिट दिली तरी काम संपत नाही. आर्सेनिक आणि ॲस्बेस्टॉस हे ठाऊक असलेले कर्करोगकारक या चाचणीत सहसा सापडत नाहीत. म्हणून जोडीला कांदा घेतात. कांद्याच्या पेशीत १६ मोठी गुणसूत्रे असतात. मुळे नमुन्याच्या पाण्यात वाढवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तुटलेली किंवा मागे राहिलेली गुणसूत्रे दिसतात. तिसरा साक्षीदार मासा. त्याच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते. गुणसूत्राचा तुकडा मागे पडला तर शेजारी छोटे सूक्ष्मकेंद्रक दिसते. कॉमेट चाचणीत पेशीवर विजेचा दाब दिला की तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा बाहेर ओढला जातो. भारतात मरळीच्या कुळातल्या माशांवर या दोन्ही चाचण्या झालेल्या आहेत. आपल्या जलाशयातला मासा जन्मभर त्याच पाण्यात राहतो. त्याच्या रक्तात पाण्याचा हिशेब लिहिलेला असतो.

आणखी एक गोष्ट गोसीखुर्दसाठी फार मोलाची आहे. पाणी नळाला सोडण्याआधी क्लोरीन घालतात. १९७४ साली नेदरलँड्सच्या योहानेस रूक यांनी दाखवले, की पाण्यातल्या सेंद्रिय घाणीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी नवी रसायने तयार होतात. अशा उपपदार्थांपैकी काही एम्स चाचणीत जोरदार उत्परिवर्तक ठरली. याचा अर्थ क्लोरीन बंद करावे असा मुळीच नाही. पटकी आणि कावीळ यांचा धोका आजचा आहे. अर्थ एवढाच, की सेंद्रिय घाण क्लोरीनच्या आधी निघाली पाहिजे, आणि खरे तर नागपुरातच अडली पाहिजे.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. नमुने उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा घ्यावेत. कन्हान मिळण्याच्या बरेच वर, तुमसरकडचे वैनगंगेचे पाणी तुलनेला ठेवावे. शुद्धीकरणाआधीचे आणि नळाचे, दोन्ही पाणी तपासावे. एका चाचणीवर न थांबता जिवाणू, कांदा आणि मासा या तिघांनाही विचारावे. एखादी चाचणी सकारात्मक आली म्हणजे गावाला कर्करोग होणार असे नव्हे. घाबरण्यापेक्षा स्रोत शोधण्याची ती सूचना असते. १९५८ पासून पाण्यावर काम करणारी नीरी नागपुरातच, म्हणजे याच नदीच्या खोऱ्यात आहे. ग्रामसभेच्या ठरावात ‘पाणी तपासा’ एवढेच न लिहिता ‘पाण्याची उत्परिवर्तन चाचणी करा’ हे चार शब्द लिहायला हवेत.