सही केलीत, पण वाचलंत का?

ॲडमिशनच्या वेळी अँटी-रॅगिंगचा फॉर्म भरलेला आठवतोय? खाली तुमची सही, शेजारी आई नाहीतर बाबांची. झेरॉक्सच्या रांगेत, पाठीवरची बॅग पोटावर घेऊन, त्यावर कागद टेकवून केलेली. फॉर्म जमा झाला, विषय संपला.

ज्या नियमांखाली ती सही आहे, त्यात यूजीसीने २०१६ च्या जूनमध्ये एक दुरुस्ती केली. जात, धर्म, रंग, भाषा, गाव, आर्थिक परिस्थिती यांवरून विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक त्रास देणं म्हणजे रॅगिंग, असं त्यात लिहिलंय. याच यादीत लिंग (ट्रान्सजेंडरसह) आणि लैंगिक कलही आहे. त्रास फक्त फ्रेशरलाच झाला पाहिजे असंही नाही. टीवायच्या मुलाला त्याच्याच वर्गाने छळलं, तरी ते रॅगिंगच.

म्हणजे कसं? वर्गातला एखादा मुलगा हळू बोलतो, हात हलवत बोलतो. त्याचं नाव पहिल्याच आठवड्यात 'बायल्या' पडतं. कॅन्टीनमध्ये त्याच्या चालण्याची नक्कल होते, प्रेझेंटेशनला उभा राहिला की मागून शिट्टी येते. तीन वर्षं. आपण याला मस्ती म्हणतो. यूजीसीच्या भाषेत ही तक्रार आहे. हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२, आणि माहिती देणाऱ्याची ओळख जपायची हेही नियमातच आहे. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला निकाल दिला आणि सज्ञान माणसांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ खाली गुन्हा राहिले नाहीत. कॉलेजचा नियम त्याच्याही दोन वर्षं आधीचा आहे! ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या माझ्या दोस्तांना विचारून बघितलं. एकालाही माहीत नव्हतं.

आपल्या बाजूची खरी गोची वेगळीच आहे. एलजीबीटीक्यू म्हटलं की सगळं लोकल पकडून गाठायचं. मुंबईचा प्राइड मार्च २००८ मध्ये सुरू झाला, तो गिरगावच्या बाजूला, ऑगस्ट क्रांती मैदानातून. १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट सांताक्रूझला. कॅम्पसवरचा ग्रुप कसा असतो ते बघायचं, तर पवईला आयआयटीतला 'साथी'. प्रवासाचं काही नाही हो, तो आपल्या पाचवीलाच पुजलाय. अडचण ही की बिल्डिंगमधले काकाही त्याच डब्यात असतात.

डोंबिवलीचा माझा एक मित्र मार्चहून परत येताना दादरला गाडी बदलायच्या आधी गालावर रंगवलेलं इंद्रधनुष्य ओल्या रुमालाने पुसून टाकतो. पुढे ओळखीचे चेहरे चढायला लागतात. याच डोंबिवलीने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, जी आज गावोगाव निघते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून नुसतं एकमेकांना बघायला गर्दी करणारं हे शहर. त्याला मात्र तोंड पुसून उतरावं लागतं.

त्याने मला सांगितलं तेव्हा पुढचं वाक्य होतं, 'ग्रुपवर नको टाकूस.' वन बीएचकेमध्ये भावाला फोनचा पासवर्ड माहीत असतो आणि फी बाबा भरतात. बातमी फुटली तर आधी फोन जातो, मग कदाचित कॉलेजही. म्हणून तुम्हाला कुणी असं सांगितलं, तर ते फक्त तुम्हाला सांगितलंय. बेस्ट फ्रेंडलाही नाही, 'चांगल्या हेतूने' त्याच्या ताईलाही नाही. 'नक्की ना?' हा प्रश्नही गिळून टाका. त्याने तो स्वतःला कितीदा विचारला असेल, याचा हिशेब नाही.

घरी सांगायचं तर शब्द कोणते? मराठीत 'गे' म्हणजे आपण कुणाला तरी हाक मारतोय, 'आई गे'मधला गे. 'समलिंगी' म्हटलं की पेपरातली बातमी वाचल्यासारखं वाटतं. उरलेले बहुतेक शब्द शिव्या आहेत. पण मराठीत कुणी बोललंच नाही, असं समजू नका. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढायचे. त्यात वाचक हस्तमैथुनापासून समलिंगी संबंधांपर्यंत काहीही विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कोर्टात कर्व्यांची बाजू कुणी मांडली असेल? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. वाचक विचारतात तर उत्तर द्यायचंच नाही का, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. कर्व्यांनी १९५३ मध्ये जाईपर्यंत मासिक चालू ठेवलं. (आपल्या सिलॅबसमध्ये हे कुठेच कसं नाही, हा माझा वैयक्तिक राग.)

आईला पुस्तक द्यायचं असेल तर पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांचं 'इंद्रधनू' आहे. चेतन दातार यांचं 'एक माधवबाग' हे नाटक तर आईचंच आहे. मुलाची डायरी हाती लागते आणि तिला कळतं. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सनडान्समध्ये ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यातही मुलाला समजून घेणारी एक गावाकडची आई आहे. तिला इंग्रजीतला एकही शब्द लागत नाही.

'डॉक्टरकडे नेऊ, बरा होईल' असं घरी कुणी म्हणालं तर दोन तारखा पाठ ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १७ मे १९९० ला. आणि 'बरं करून देतो' म्हणणारी कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलं.

कॉलेजात काय करता येईल? एनएसएस आणि डीएलएलईवाले दरवर्षी पथनाट्याला विषय शोधत असतात. स्वच्छता आणि व्यसनमुक्ती करून करून सगळेच कंटाळलेत. यंदा अँटी-रॅगिंगचा तो एक परिच्छेद घ्या आणि कॉलेजच्या गेटवर उभा करा. परवानगी मागायला सोपा विषय आहे, नियम यूजीसीचाच आहे. फक्त नाटकात हशा पिकवायला मुलाला साडी नेसवायची आयडिया कुणाला तरी सुचेलच. तिथे तालीम थांबवा.