‘कट्यार काळजात घुसली’ : एका संगीत नाटकाची कुळकथा

विद्या दिल्यानें वाढते, हें वचन आपल्या घराघरांतील मुलांना तोंडपाठ असतें. परंतु गवयांच्या घरीं तें फार काळ उंबरठ्याबाहेरच उभें राहिलें. ठेवणींतल्या चिजा लपवाव्या, रियाज दार लावून करावा, खास जागा परक्याच्या कानीं पडूं देऊं नयेत, अशी कित्येक घराण्यांची रीत होती. या रीतीवरच बेतलेलें एक नाटक मराठी रंगभूमीवर आलें, आणि आज जवळजवळ साठ वर्षें तें रसिकांच्या मनांतून उतरलेलें नाहीं. त्या नाटकाच्या प्रयोगांचा इतिहासही त्याच्या कथेइतकाच बोधप्रद आहे, असें आम्हांस वाटतें.

‘कट्यार काळजात घुसली’ हें नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर यांनीं लिहिलें आणि प्रभाकर पणशीकर यांच्या ‘नाट्यसंपदा’ संस्थेनें १९६७ च्या डिसेंबरांत रंगभूमीवर आणलें. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें. त्यापूर्वींच, १९६४ साली, ‘मत्स्यगंधा’ नाटकाच्या संगीतानें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें होतें.

कथानक थोडक्यांत असें : विश्रामपूर संस्थानांत राजगायकाच्या पदासाठीं स्पर्धा होते. पंडित भानुशंकर यांच्यापुढें खांसाहेब आफताब हुसेन वर्षानुवर्षें हार खातात. पुढें कपटानें पंडितजींचा आवाज हिरावला जातो, आणि पद, हवेली व मानाची कट्यार खांसाहेबांकडे येते. या कट्यारीनें राजगायकाला एक खून माफ! पंडितजींचा शिष्य सदाशिव मग त्याच हवेलींत येऊन शत्रूचीच गायकी शिकूं पाहतो. खांसाहेब दार लावून घेतात. सदाशिव चोरून ऐकतो.

दोन संगीतकारांच्या वैराचा विषय पाश्चात्य रंगभूमीलाही अपरिचित नाहीं. मोत्सार्ट व सालिएरी यांच्यावर रशियन कवि पुश्किन यानें १८३० मध्यें एक छोटें पद्यनाटक लिहिलें, आणि पीटर शॅफर या इंग्रज नाटककाराचें ‘अमेडियस’ १९७९ साली, म्हणजे ‘कट्यार’नंतर बारा वर्षांनीं, लंडनांत रंगभूमीवर आलें. तेथला सालिएरी प्रतिस्पर्ध्याची थोरवी पुरती ओळखतो आणि तिच्याच आगींत जळतो. दारव्हेकरांनीं मात्र दोघां प्रतिस्पर्ध्यांमध्यें एक शिष्य आणून उभा केला. त्यामुळें श्रेष्ठ कोण हा प्रश्न मागें पडतो, आणि ही विद्या पुढें कोणाच्या गळ्यांत जाणार हा प्रश्न प्रेक्षकाला छळूं लागतो.

असें नाटक नुसत्या नटांच्या बळावर उभें राहत नाहीं. खांसाहेब थोर गवई आहेत हें संवादांत सांगून भागत नाहीं. तें प्रेक्षकांच्या कानांस पटावें लागतें. ही भूमिका वसंतराव देशपांडे यांनीं केली. पुण्यांत लष्करी हिशेबखात्यांत वर्षानुवर्षें कारकुनी करून त्यांनीं गाणें सांभाळलें होतें. भार्गवराम आचरेकर पंडितजी झाले, प्रसाद सावकार सदाशिव आणि फैय्याज या खांसाहेबांची कन्या झरीना. वसंतरावांच्या गाण्यामुळें खांसाहेब खलपुरुष न राहतां, आपल्याच अहंकारानें कोंडलेला एक थोर कलावंत वाटूं लागले.

अभिषेकींचें काम तर याहूनही अवघड होतें. दोन प्रतिस्पर्ध्यांच्या गायकी एकाच संगीतकारानें घडवावयाच्या, आणि त्याही अशा कीं, साध्या श्रोत्यालाही भेद कळावा, पण एक उणी आणि दुसरी अधिक वाटूं नये. भ्रमरावरील प्रसिद्ध पद आमच्या वाचकांनीं ऐकलेंच असेल. शब्द तेच, परंतु एकदां तें सालगवराळींत शांतपणें उलगडत जातें, तर एकदां धानींत चपळ तानांनीं झळाळून उठतें. शब्द एक असूनही स्वभाव दोन होतात. नाटकांतला सारा वाद या एका पदांत सांठवलेला आहे.

हें त्यांना साधलें, कारण ते स्वतः एका दारचे विद्यार्थी नव्हते. जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खां, गुलूभाई जसदनवाला अशा अनेकांपाशीं ते शिकले. वसंतरावांनींही नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे आरंभ करून लाहोरच्या असद अली खां यांच्यापर्यंत विद्या वेचली. बंद दाराची कथा रंगवणारे हे दोघे स्वतः अनेक दारें ठोठावून मोठे झाले होते!

पुण्याला तर ही गोष्ट नवी नव्हती. भास्करबुवा बखले यांनीं नत्थन खां, अल्लादिया खां यांच्यासारख्या उस्तादांची सेवा करून विद्या मिळवली, आणि १९११ साली येथें भारत गायन समाज स्थापून ती सर्वांस खुली केली. अब्दुल करीम खां यांनींही याच शहरांत आर्य संगीत विद्यालय चालवून हातचें न राखतां शिकवलें.

वसंतराव १९८३ च्या जुलैंत पुण्यांत निवर्तले. खांसाहेब आणि वसंतराव यांची रसिकांच्या मनांत इतकी एकरूपता झाली होती कीं, पुढें ती भूमिका करणाऱ्या प्रत्येकास त्यांच्याशीं तुलना सोसावी लागली. २०१० साली नाटक पुन्हा उभें राहिलें तेव्हां त्यांचे नातू राहुल देशपांडे खांसाहेब झाले, तर सदाशिवाची भूमिका अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांनीं केली. आजोबा गेले तेव्हां राहुल जेमतेम तीन वर्षांचे होते. त्यांच्यापुढें बसून तालीम घेण्याचें भाग्य त्यांस लाभलें नाहीं. रक्तानें आलेल्या वारशालाही अन्य गुरूंच्या दारीं जाऊनच गळा मिळाला. २०१५ मध्यें सुबोध भावे यांनीं या नाटकावर चित्रपट केला, आणि त्यांतील गायनाबद्दल काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

या नाटकाची भाषा अलंकारिक आहे, प्रसंग कोठें कोठें योगायोगावर टेकलेले आहेत, हा आक्षेप आम्हांस अमान्य नाहीं. तरीही तें टिकलें, कारण त्यांतील दुखणें केवळ गवयांचें नाहीं. वैद्याच्या घरची मात्रा, शास्त्र्याच्या घरची पोथी, आजीच्या हातची रीत, यांतलें किती ‘हें आमचें’ म्हणून झांकून ठेवलें गेलें आणि जाणत्या माणसाबरोबरच संपलें! आपल्या मुलांस हें नाटक दाखवावें, आणि घरीं परततांना खांसाहेब आणि पंडितजी यांत मोठा कोण, हा वाद त्यांस खुशाल घालूं द्यावा. मात्र दाराआड कान लावून उभा राहिलेल्या सदाशिवाची आठवण घरांतील वडीलधाऱ्यांनीं अधिक ठेवावी.