गिरणी सुरू व्हायच्या आधी

माण तालुक्यातलं एक गाव, सकाळचे साडेनऊ. विशेष शिक्षिका ओसरीला स्कूटी लावतात आणि आजींना पहिला प्रश्न करतात, "आज लाइट कवा येणार?"

लाइट आली की समोरची पिठाची गिरणी धडधडायला लागते. गिरणी लागली की या घरातला आठ वर्षांचा पोरगा कान दाबून धरतो आणि स्वतःचंच मनगट चावतो. मनगटावर घट्टा पडलाय.

आत्ता तो बाजरीची कणसं ओळीनं मांडतोय. सगळी देठं गोठ्याकडे. धाकटी बहीण मुद्दाम एक कणीस उलटं करते. तो मान वर न करता सरळ करतो. शिक्षिका शेजारी जमिनीवर बसतात. 'नमस्ते कर', 'नाव सांग' असलं काही नाही. एक कणीस उचलून ओळीच्या टोकाला ठेवतात, देठ गोठ्याकडे. पोरगा थबकतो. त्यांच्याकडे बघत नाही, पण पुढचं कणीस त्यांच्या हाताजवळ सरकवतो.

"गेल्या साली कुणाला जवळ बसू देत नव्हता," आई मला हळूच सांगते.

भिंतीवर हाताला येतील अशी चित्रं चिकटवलीत : पाणी, भाकरी, संडास, गिरणी. छापील संचात पाण्यासाठी काचेचा ग्लास होता. या घरात पाणी तांब्यात असतं. म्हणून शिक्षिकांनी घरातल्याच तांब्याचा फोटो काढून आणला. पोरगा उठतो, तांब्यावर बोट ठेवतो. आजी लगेच पाणी देतात. "आधी नुसता आरडायचा. आमाला काय कळणार, तहान का पोटदुखी?"

त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला ताईत आहे. देवऋषी, उतारा, सगळं करून झालंय. शिक्षिका ताईत काढायला सांगत नाहीत, आणि मला ते पटतं. ताईतावर भांडून घराचं दार बंद झालं, तर तांब्याचं चित्र आत कसं जाणार?

"ताई, झोप?" त्या आईला विचारतात. आई नुसती हसते. पोरगा रात्री दोनला उठतो, मग ही कडी लावून दाराला पाठ टेकून बसते. नवरा वाशीच्या बाजारात माथाडी, सणावाराला येतो. माहेरचं लग्नसुद्धा तिनं टाळलं. "नेलं तर लोक टकामका बघत्यात, न्हाई नेलं तर आडून इचारत्यात." शिक्षिका सांगतात, आता तासभर पडा, तोवर मी आहे. ती आत जाते खरी, पण आतून भांड्यांचाच आवाज येतो.

आजी पिशवीतून पोराच्या स्वमग्नतेचं प्रमाणपत्र काढून दाखवतात. 1995च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावही नव्हतं. 2016च्या कायद्यानं 21 प्रकारांत तिला जागा दिली, म्हणून हा कागद तरी हातात आहे. त्यासाठी जिल्ह्याला जाऊन 40 मुद्द्यांची तपासणी झाली. माणसं बघून हसतो का, हाही त्यातला एक मुद्दा. "चार तास एस्टीत आन् रांगेत काढल्यावर मी तरी हसंन का?" आजी विचारतात. निरामय योजनेतून एक लाखापर्यंतचा विमा मिळतो. पण उपचाराला न्यायचं तर आईची दिवसाची मजुरी बुडते, हे त्या विम्यात कुठं बसतं?

"वैनीऽ, लावतो गंऽ!" समोरून हाळी येते.

ही हाळी शिक्षिकांनी मागच्या खेपेला गिरणीवाल्याकडून कबूल करून घेतलेली. आजी चटकन गिरणीचं चित्र पोराच्या समोर धरतात, कानांवरून मफलर गुंडाळतात आणि त्याला परसात नेतात. पट्टा फिरतो. पोरगा हात तोंडाकडे नेतो, दात लावतो, सोडतो. परत लावतो. आज रक्त येत नाही.

पहिलं दळण घातल्यावर गिरणीवाला पिठाळ हात झटकत ओसरीपाशी येतो. "मॅडम, माझ्या मेव्हण्याचा पोरगा बी असाच हाय. खटावकडं. पाच वर्षांचा."

"अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरांचं पथक येतं वर्षातून दोनदा. त्याला दाखवलं का?"

"पथक आलं की त्याला घरीच ठिवत्यात. दंगा करतो म्हणून."

शिक्षिका मोबाईल काढतात. "पोराच्या आईचा नंबर सांगा."

"मेव्हण्याचा देतो की."

"आईचा हवा."

गिरणीवाला मान खाजवतो. "तिच्याकडं फोन न्हाई, मॅडम."