रिलेला स्वतःचा आवाज नसतो

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "साहेब, आता जिल्ह्याजिल्ह्यात एफएम आलं. मग ते जुनं मीडियम वेव्ह बंद केलं तर बिघडलं कुठे?" प्रश्न रास्त आहे.

मीडियम वेव्ह म्हणजेच एएम. या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि लांबवर पोहोचतात. रात्री त्या आकाशातल्या वरच्या थरावरून परततात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. डोंगरातल्या चौकीवर असताना मी रात्री ट्रान्झिस्टरचं बटण फिरवत बसायचो. कधीतरी मुंबई केंद्र मिनिटभर लागायचं आणि खरखरीत विरून जायचं. तेवढं मिनिटभर बंकरमध्ये कोणी बोलायचं नाही. एफएमचा आवाज स्वच्छ, पण त्याच्या लहरी सरळ जातात. मध्ये डोंगर आला की संपलं.

मग एएम मागे का पडतंय? मुख्य कारण खर्च. १००० किलोहर्ट्झला लहरीची लांबी ३०० मीटर, म्हणून मनोरा साधारण ७५ मीटर उंच लागतो. भोवती जमिनीत तांब्याच्या तारा पुरायच्या, त्याला मोठी जागा, वर विजेचं बिल. घरातले चार्जर आणि एलईडी दिवे खरखर वाढवतात ते वेगळंच. याउलट १०० वॉटचं एफएम यंत्र एका खोलीत मावतं. २८ एप्रिल २०२३ रोजी अशी ९१ यंत्रं ८४ जिल्ह्यांत सुरू झाली. चांगलंच झालं.

पण हे छोटं यंत्र म्हणजे रिले. फौजेतही रिले पोस्ट असते. ती आलेला संदेश पुढे पाठवते, स्वतः काही बोलत नाही. मागचं ठाणं गप्प झालं की रिलेही मुकी.

अमेरिकेत हेच कोडं पडलंय. तिथल्या गावातल्या एएम केंद्रांना २००९ पासून 'एफएम ट्रान्सलेटर' वापरायची परवानगी आहे, कमाल २५० वॉटची. श्रोते तिकडे वळले. पण नियमाप्रमाणे एएम केंद्र बंद पडलं, तर त्याचा ट्रान्सलेटरही बंद करावा लागतो. शिवाय त्याचा दर्जा दुय्यम. मोठ्या केंद्राला अडथळा झाला, तर माघार यानेच घ्यायची. म्हणजे फारसं कोणी ऐकत नसलेलं एएम मालक चालवत राहतो, ते या परवान्यापायी. त्यात विजेच्या मोटारींमुळे एएममध्ये खरखर येते, म्हणून काही कंपन्यांनी गाडीतून एएम काढलं. फोर्डनेही तसं ठरवलं होतं, पण २०२३ मध्ये निर्णय मागे घेतला. आणीबाणीच्या सूचना एएमवरून मिळतात, हा तिथला मोठा मुद्दा होता.

आपल्यासाठी धडा सरळ आहे. चक्रीवादळात मोबाइलचे मनोरे पडतात, फायबर तुटतं. तेव्हा दूरच्या शहरातली गाणी ऐकवणारा रिले काय कामाचा? कोणता पूल वाहून गेला, कोणत्या शाळेत आसरा आहे, हे सांगणारा माणूस जिल्ह्यात हवा. म्हणून माझं म्हणणं एवढंच: एफएम जरूर वाढवा, पण जिथे रिले आहे तिथे एक माइक, एक निवेदक आणि डिझेल जनरेटर ठेवा. आणि प्रत्येक प्रदेशात निदान एक मीडियम वेव्ह केंद्र चालू राहू द्या.

तुम्हीही एक काम करा. घरातला ट्रान्झिस्टर काढा, सेल घाला, आणि आज रात्री मीडियम वेव्हवर काय लागतं ते बघा. गरज पडेल त्या दिवशी शोधाशोध नको.

जय हिंद.