बोअरच्या पाण्यात एवढं कॅल्शियम, तरी नांदेडच्या घरातला 'समुद्र' उपाशी का राहतो?

नांदेड-लातूरकडे ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. बादली, नळ, गिझर, कूलरची जाळी, सगळीकडे पांढरा थर चढतो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. समुद्रातले कोरल, म्हणजे प्रवाळ, आपला सांगाडा याच पदार्थाचा बांधतात.

मग घरात खाऱ्या पाण्याची छोटी रीफ टाकी ठेवली आणि त्यात बोअरचं पाणी ओतलं, तर कॅल्शियमची सोय फुकटात होईल का?

तर नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुसरा स्रोत नसेल तेव्हाची कमाल मर्यादा आहे लिटरला २०० मिलिग्रॅम. म्हणजे आपल्याला जड वाटणारं पाणीही बहुतेक वेळा समुद्रापुढे कच्चंच ठरतं. शिवाय बोअरच्या पाण्यातून नायट्रेट, सिलिकेट अशा नको असलेल्या गोष्टी टाकीत येतात आणि शेवाळ माजतं. म्हणून रीफ टाकीसाठी आरओचं, शक्य असेल तर त्यापुढे डीआय फिल्टरमधून काढलेलं पाणी घेतात आणि त्यात रीफसाठीचं तयार समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मिसळतात. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असतं, त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच.

आधी कायदा समजून घ्या

कॅल्शियम सगळ्यात जास्त खातात ते कठीण सांगाड्याचे, खडक बांधणारे प्रवाळ. भारतात २००१ पासून हे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. थोडक्यात, त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ हलवायचे होते, तेव्हा महापालिकेलाही आधी रीतसर परवानगी घ्यावी लागली. त्यामुळे मालवणला फिरायला गेलो आणि येताना प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकला, हा थेट गुन्हा आहे. दुकानदार काहीही म्हणाला तरी कायदेशीर कागद पाहिल्याशिवाय कुठलाही कोरल घेऊ नये.

कठीण प्रवाळ नसले, तरी टाकीत कॅल्शियम खर्च होतच असतं. दगडांवर चढणारं गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ आणि शंखवाल्या गोगलगायी कॅल्शियम वापरतात. फक्त त्यांची भूक कमी असते.

खरी चूक इथे होते

बहुतेक नवे लोक फक्त कॅल्शियम मोजतात. पण सांगाडा एकट्या कॅल्शियमचा होत नाही. त्याला कार्बोनेटही लागतं. पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा अल्कलिनिटीच्या चाचणीत कळतो आणि तो डीकेएच या एककात मोजतात. घर बांधताना विटा आणि सिमेंट सोबत संपतात, तसं हे दोन्ही सोबत संपतं. पण साठा सारखा नसतो.

टाकीत कॅल्शियम ४२० आणि अल्कलिनिटी ८ डीकेएच आहे असं समजू. सांगाडे बांधण्यात २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं, की त्याच्यासोबत २.८ डीकेएच जाते. आता कॅल्शियम उरलं ४००, म्हणजे जेमतेम पाच टक्के घट. अल्कलिनिटी मात्र ५.२ वर आली, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त घट! कॅल्शियमच्या साध्या टेस्ट किटमध्ये २० चा फरक सहज निसटतो. आकडा बरा दिसतो आणि टाकी आतून उपाशी असते.

म्हणून अल्कलिनिटी दर आठवड्याला मोजावी. ती ७ ते १० डीकेएचमध्ये स्थिर हवी. कॅल्शियम ३८० ते ४५० मध्ये चालतं. तिसरा भिडू मॅग्नेशियम. ते लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास हवं. ते कमी झालं, की कॅल्शियम आणि कार्बोनेट आपसातच जुळून पंप आणि हीटरवर पांढरा थर बनतात, अगदी गिझरसारखा.

मे महिन्यातला फसवा आकडा

नांदेडचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर जातो. रीफ टाकीला २५-२६ अंश लागतात, म्हणून टाकीवर पंखा लावतात. पंख्याने बाष्पीभवन वाढतं. पाणी उडून जातं, पण क्षार मागेच राहतात. ४० लिटरमधलं २ लिटर पाणी उडालं, तर ४०० असलेलं कॅल्शियम ४२१ दिसतं. वर सांगितलेली २० ची घट इथे पूर्ण झाकली जाते.

उपाय सोपा आहे. काचेवर एक खूण करा आणि रोज त्या खुणेपर्यंत साधं आरओचं पाणी भरा. त्यात मीठ घालायचं नाही. पाणी खुणेवर आल्यावर आणि नीट मिसळल्यावरच चाचणी करा.

कमी पडलं तर काय घालायचं?

छोट्या टाकीला आठवड्याला १० टक्के पाणी बदलणं बहुतेकदा पुरतं. ४० लिटरच्या टाकीत ४ लिटर. नव्या खाऱ्या पाण्यातून कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि मॅग्नेशियम एकत्र येतात.

तरीही आकडे घसरत राहिले, तर दोन द्रावणांची पद्धत वापरतात. एकात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात सोडियम बायकार्बोनेट. ४० लिटरमध्ये कॅल्शियम २० ने वाढवायला साधारण ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागतं. चमचाभरही नाही. म्हणून अंदाजाने नाही, काट्यावर मोजूनच घालावं. दोन्ही द्रावणं एकदम ओतली तर पाणी दुधासारखं होतं आणि घातलेलं सगळं तळाशी बसतं. एक घातल्यावर दुसऱ्याआधी चांगला वेळ जाऊ द्यावा. अल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नये.

तिसरा मार्ग शाळेतल्या प्रयोगातला, चुन्याची निवळी. रोज उडणाऱ्या पाण्याच्या जागी ती थेंब थेंब सोडली, की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. पण तिचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम ओतली तर मासे मरू शकतात. आणि चुना शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच हवा. पानटपरीवरच्या डबीत आणखी काय मिसळलंय याची खात्री नसते.

आणि पाण्याचं काय?

आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. हे पाणी फरशी पुसायला, भांडी धुवायला साठवता येतं. तेवढी सोय आधी करावी, टाकी मग आणावी. आणि टाकी आणल्यावर बाटली उघडण्याआधी टेस्ट किट उघडावं. जे मोजलं नाही, ते घालू नये.