फील्ड डे : हॅम रेडिओची मैदानी ओळख

अमेरिकन रेडिओ रिले लीगचा पहिला ‘फील्ड डे’ १९३३ मध्ये झाला. आता तो जूनच्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी भरतो. अमेरिका आणि कॅनडातले हॅम (हौशी रेडिओ) क्लब बागेत किंवा मैदानात तंबू ठोकतात, अँटेना उभारतात आणि जनरेटर, बॅटरी वा सौरऊर्जेवर दूरच्या केंद्रांशी बोलतात. मूळ उद्देश आणीबाणीतल्या संपर्काचा सराव. मात्र लोकांना या छंदाची ओळख व्हावी म्हणून वर्दळीची जागा निवडणे आणि माहितीचे टेबल मांडणे यांसाठी क्लबला प्रत्येकी १०० जादा गुण असतात. नवख्यांसाठी ‘गोटा’ (‘गेट ऑन द एअर’) हे वेगळे केंद्र असते. तेथे परवाना नसलेला पाहुणाही परवानाधारकाच्या देखरेखीखाली माइक हाती घेऊ शकतो. गोडी लागलेल्यांना क्लबचे सदस्यत्व आणि परवाना परीक्षेची माहिती तिथेच मिळते.