कॅमेऱ्याचा डोळा आणि आमची वर्गणी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बारा जणांनी प्रत्येकी हजार रुपये काढून लघुपट करण्याचे ठरविले. माझे हजार आईच्या भिशीतून आले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तेव्हा पैसे कशावर जाणार, हे आईला समजावून सांगणे भाग होते. वाद पेटला तो कॅमेऱ्यावरून. काहींना ‘अ‍ॅरी अलेक्सा’च हवा होता. त्याच्या एका दिवसाच्या भाड्यातच सारी वर्गणी संपत होती.

या कॅमेऱ्यातला महाग सेन्सर करतो तरी काय? सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी बसलेली, प्रकाश टिपणारी चकती. तिच्यावर लाखो सूक्ष्म खळगे असतात; पावसात अंगणात भांडी मांडावीत तसे. लहान भांडे लवकर भरून वाहू लागते. वाहिले की चित्रात तेथे पांढरा डाग उरतो, आणि तो मागाहून कोणत्याही युक्तीने भरून येत नाही. उलट थेंबभरच पडले, तर अंधारात नुसते दाणे दिसतात. तळापासून काठापर्यंतचे हे अंतर ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. म्हणून दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट, तर चौदा स्टॉप म्हणजे १६,३८४ पट! २०१० साली आलेल्या अलेक्साबद्दल कंपनीचा दावा चौदाहून अधिक स्टॉपचा आहे.

आमच्या कथेत आजी चुलीपाशी बसलेली आणि मागे उघड्या दारात दुपारचे ऊन. मोबाइलवर करून पाहिले, तर एकदा आजी काळी पडली, एकदा अंगणच नाहीसे झाले. म्हणजे अलेक्सावाल्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

दुसरा पक्ष ‘द क्रिएटर’चे नाव घेई. २०२३ चा हा चित्रपट सोनीच्या एफएक्स३ या तुलनेने स्वस्त कॅमेऱ्यावर घेतला गेला. त्याचा एकूण खर्च मात्र सुमारे आठ कोटी डॉलर होता, हे आमचे मित्र सोयीस्करपणे विसरत!

अखेर आम्ही दुपारची संध्याकाळ केली. बाहेरचा उजेड चुलीच्या उजेडाजवळ उतरला की लहान सेन्सरलाही दोन्ही पेलतात. तीन हजार रोजाने लहान कॅमेरा तीन दिवस आणला. आजीचे काम करणाऱ्या मावशी पहिले दोन दिवस कॅमेऱ्याकडेच पाहात राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना जमले. एकाच दिवसाचा अलेक्सा आणला असता, तर काय हाती लागले असते?

लघुपट आईला दाखविला. ती म्हणाली, “दिसतंय छान. पण ती म्हातारी काय बोलते, ते काही ऐकू येत नाही गं.”